आफ्रिकेला जायच्या आधी कोणत्या लशी घ्यायच्या, आमच्या घरी हे कसं ठरलं

केनियाला जायचं म्हटलं की आता व्हिसाची फारशी धावपळ राहिलेली नाही, जानेवारी २०२४ पासून तिकडे ईटीए, म्हणजे जायच्या आधी ऑनलाइन घ्यायची परवानगी, सुरू झालंय, ऑनलाइन फॉर्म भरायचा, पैसे भरायचे आणि वाट बघायची. खरी धावपळ इंजेक्शनांची असते आणि त्याबद्दल नीट समजावून सांगणारं माणूस पटकन सापडत नाही. आम्हाला ट्रॅव्हल कंपनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक यादी आली, यलो फीव्हर, टायफॉइड, हिपॅटायटिस ए, हिपॅटायटिस बी, मेनिंजायटिस, रेबीज, पोलिओ, धनुर्वात, खाली मलेरियाच्या गोळ्या. सगळ्यांना एकच यादी. त्यात माझी सोळा वर्षांची लेक पण आली, मी आणि नवरा पण आलो आणि सदुसष्ट वर्षांची माझी आई पण आली. ग्रुपवर लगेच सुरू झालं, आम्ही सगळी घेतली, आम्ही एकच घेतली, आम्ही मागच्या वर्षी जाऊन आलो काही घेतलं नव्हतं काही झालं नाही वगैरे वगैरे.

मला ते पटेना. आईचा हात धरून तिला एवढ्या लांब न्यायचं आणि डोळे झाकून यादीवर टिका मारत सुटायचं हे माझ्याच्याने होणार नव्हतं. म्हणून मी आधी एकेक लस समजून घ्यायला बसले, मग डॉक्टरांकडे गेले, आणि या सगळ्यातून आमचा अख्खा प्लॅनच बदलला. ते सगळं इथे लिहून ठेवतेय, कारण दिवाळीच्या आणि मेच्या सुट्टीत आपल्याकडून कितीतरी लोक आजी-आजोबांना घेऊन मसाई माराला जातात आणि बहुतेकांना हीच यादी येत असणार.

पहिलं मी काय केलं तर यादीचे दोन भाग केले. कागदासाठी लागणारी लस कुठली आणि शरीरासाठी लागणारी कुठली. कागदासाठी लागणारी म्हणजे जी नसेल तर विमानतळावर कोणीतरी अडवेल. आमच्या यादीत ती ठळक अशी एकच होती, यलो फीव्हर, म्हणजे पीतज्वर. पोलिओचं असं की त्याचेही काही देशांसाठी नियम आहेत आणि आपल्या देशाने २०१४ पासून ठराविक देशांमधून येणाऱ्यांकडे तोंडावाटे घेतलेल्या पोलिओ डोसचं सर्टिफिकेट मागायला सुरुवात केली होती, पण ती देशांची यादी बदलत असते, त्यामुळे त्या बाबतीत जुन्या पोस्ट वाचून काही ठरवू नका, निघायच्या आधी त्या वेळची यादी बघा.

आता यलो फीव्हरची गंमत अशी आहे की बऱ्याच जणांना वाटतं ही लस केनिया मागतं. नियमाने बघायला गेलं तर केनिया ती मागतं अशा लोकांकडून जे स्वतः यलो फीव्हर असलेल्या देशातून येतायत, आणि भारत त्या देशांमध्ये नाही. चेक-इन काउंटरवर आपल्याला विचारतात ते वेगळं, पण सगळ्यात कडक नियम आहे तो आपलाच, परत येतानाचा. केनियातून परत येताना लशीचं सर्टिफिकेट जवळ नसेल आणि मुंबईला उतरलात तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइनमध्ये ठेवू शकतात. आणि केनिया करून पुढे टांझानियाला जाणार असाल, ते एकत्र पॅकेज आपल्याकडे खूप चालतं, तर टांझानिया पण केनियातून येणाऱ्यांकडे हे सर्टिफिकेट मागतं.

आपण एवढे कडक का हे कळल्यावर मला त्या नियमाबद्दल आदरच वाटला. यलो फीव्हर पसरवतो तो एडिस इजिप्ती डास, म्हणजे आपला डेंग्यूवाला डास, जो ठाण्यात आमच्या सोसायटीत कुंड्यांच्या खालच्या ताटल्यांमध्ये, गच्चीवरच्या टायरमध्ये सुखाने नांदतो. डास आहे, ज्यांच्या अंगात अजिबात प्रतिकारशक्ती नाही अशी कोट्यवधी माणसं आहेत, फक्त विषाणू नाही. तो एका माणसाच्या रक्तातून विमानात बसून आला आणि इथल्या डासांना मिळाला तर काय होईल याचा विचार पण करवत नाही. २०१६ मध्ये अंगोलात मोठी साथ आली होती तेव्हा तिथे काम करणारे चिनी लोक आजारी पडून मायदेशी परतले, चीनमध्ये अशा ११ केसेस सापडल्या, आशियात बाहेरून आलेल्या यलो फीव्हरच्या प्रयोगशाळेत सिद्ध झालेल्या त्या पहिल्या केसेस होत्या. तिकडे डासांनी तो पुढे पसरवला नाही हे आपल्या सगळ्यांचं नशीब. डास चावल्यापासून ताप यायला साधारण तीन ते सहा दिवस लागतात, क्वारंटाइनचे सहा दिवस आले ते तिथून.

माझा धाकटा भाऊ मर्चंट नेव्हीत आहे त्यामुळे ते पिवळं कार्ड मी आमच्या घरात आधीपासून बघितलेलं. छोटंसं पुस्तिकेसारखं कार्ड असतं, त्यावर नाव, जन्मतारीख, पासपोर्ट नंबर, लस दिल्याची तारीख, लस कोणत्या कंपनीची आणि कोणत्या बॅचची, कधीपासून व्हॅलिड, डॉक्टरांची सही आणि सेंटरचा शिक्का. यातलं काहीही चुकलं किंवा खाडाखोड झाली तर कार्ड नाकारू शकतात, म्हणून तिथल्या तिथे उभं राहून स्पेलिंग आणि पासपोर्ट नंबर तपासून घ्यायचा. ही लस कुठल्याही दवाखान्यात घेऊन चालत नाही, केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या सेंटरवरच घ्यावी लागते, मुंबईत एअरपोर्ट हेल्थ ऑर्गनायझेशन आहे, शिवाय काही सरकारी हॉस्पिटलं आहेत, मान्य सेंटरांची यादी आरोग्य मंत्रालयाकडे असते. भावाबरोबर मी एकदा गेले होते तेव्हा लाइनीत निम्मी पोरं जहाजावरची, एक जण काँगोतल्या किन्शासाला जनरेटर बसवायच्या कामावर चाललेला, दोघं-तिघं नायजेरियाला नोकरीला. फिरायला जाणारे आमच्यासारखे थोडेच. लस पावडरच्या रूपात येते, नर्स त्यात पाणी घालून ती विरघळवते, एका कुपीतून अनेकांना डोस देतात आणि एकदा कालवली की ती काही तासांतच संपवावी लागते, उरली तर फेकून द्यायची. म्हणून ही सेंटरं ठरलेल्या वारी, अपॉइंटमेंट घेऊन आलेल्यांना बोलावतात, आपण उठलो आणि गेलो असं होत नाही, सुट्टीच्या सीझनमध्ये तर नंबर लागायलाच वेळ जातो. इंजेक्शन झाल्यावर अर्धा तास बसवून ठेवतात.

सर्टिफिकेट व्हॅलिड होतं दहा दिवसांनी, त्यामुळे आदल्या आठवड्यात घेतलेली लस कागदावर कामाची नसते. आणि एकदा घेतली की जन्मभर चालते, आधी दर दहा वर्षांनी पुन्हा घ्यावी लागायची, तो नियम ११ जुलै २०१६ पासून बदलला, आणि जुन्या कार्डांवर दहा वर्षं लिहिलेलं असलं तरी ती कार्डं पण जन्मभर ग्राह्य धरतात. भावाला एका एजंटने अजूनही सांगितलं होतं की कार्ड संपलंय, पुन्हा टोचून घे. पुन्हा घ्यायची गरज नव्हती, त्याने त्या एजंटला नियम दाखवला आणि विषय संपला.

तर कागदाचा भाग एवढा. पण हीच लस शरीराच्या दृष्टीने बघितली तर ती साधीसुधी नाही. ती जिवंत विषाणूची लस आहे, दुबळा केलेला विषाणू असतो पण जिवंत असतो. १७डी म्हणतात तो स्ट्रेन, मॅक्स थायलर यांनी १९३० च्या दशकात तयार केला, त्यांना १९५१ चं नोबेल मिळालं, आणि आजही जगभर तीच लस वापरतात, एका डोसमध्ये काम होतं, आजवर कोट्यवधी लोकांनी घेतलीय. निरोगी माणसाला ती उत्तम लस आहे यात काही शंका नाही. पण अंड्यात वाढवतात म्हणून अंड्याची गंभीर ॲलर्जी असेल तर चालत नाही, सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला देत नाहीत, थायमस ग्रंथीचा आजार असेल तर नाही, प्रतिकारशक्ती कमी झालेली असेल तर नाही. आणि साठीच्या पुढे पहिल्यांदाच घेत असाल तर डॉक्टरांशी बोलूनच, कारण फार क्वचित लशीतलाच विषाणू लिव्हरवर किंवा मेंदूवर हल्ला करतो, साठीच्या पुढे हे प्रमाण लाख डोसांमागे एक-दोन केसच्या आसपास जातं. लाखात एक म्हणजे कमीच, पण जिथे रोगाचाच धोका जास्त आहे तिथे हा हिशोब वेगळा आणि एका आठवड्याच्या सहलीसाठी वेगळा.

आता आईचं सांगते. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी आम्हाला एका फिजिशियनकडे पाठवलं, ते परदेशी जाणाऱ्यांना लशींबद्दल सल्ला देतात. त्यांनी देश कोणता, किती दिवस हे विचारलं आणि मग म्हणाले, "आजी, तुम्ही घेता त्या सगळ्या गोळ्या मला दाखवा, नावं नका सांगू, गोळ्याच दाखवा." आईच्या पर्समध्ये एक जुना कापडी बटवा असतो, त्यातून तिने एकेक स्ट्रिप काढून टेबलावर मांडली. बीपीची. कॅल्शियमची. पिवळ्या छोट्या गोळ्या, फॉलिक ॲसिडच्या. आणि शेवटी रबरबँड लावलेली एक वेगळी स्ट्रिप, ज्यावर तिने बॉलपेनने 'रवि' असं लिहून ठेवलंय, कारण ती गोळी आठवड्यातून एकदाच, रविवारी घ्यायची असते. डॉक्टरांनी ती स्ट्रिप उचलली, उलटी करून नाव वाचलं आणि बाकीच्या सगळ्या गोळ्या बाजूला सारल्या. मेथोट्रेक्सेट. आईला संधिवात आहे, बोटांचे सांधे सुजायचे, सकाळी चहाचा कप धरता यायचा नाही, या गोळीने ती आज पोळ्या लाटते. पण ही गोळी काम करते तीच मुळी प्रतिकारशक्तीला लगाम घालून.

डॉक्टर म्हणाले, "आजी, तुमचं वय आणि ही गोळी, दोन्ही एकत्र धरलं तर मी तुम्हाला यलो फीव्हरची लस घ्या असं सांगणार नाही." आई म्हणाली, "मग मी नाही गेले तरी चालेल, पोरांना जाऊ दे." ते वाक्य तिने इतक्या सहज म्हटलं की मला तिथेच गलबलून आलं. टीव्हीवर ते रानरेड्यांसारखे कळप नदी ओलांडताना दाखवतात ना, ते बघत बसलेली असायची ती कित्येक वर्षं.

घरी आल्यावर आम्ही सगळे पर्याय मांडले. एक म्हणजे वैद्यकीय कारणाने लस देता येत नाही असं डॉक्टरांचं पत्र घेऊन जायचं. असं पत्र देता येतं, आंतरराष्ट्रीय नियमांत त्याची तरतूद आहे, पण ते मानायचं की नाही हे विमानतळावरचे आरोग्य अधिकारी ठरवतात, आणि समजा मानलं, तरी डास पत्र वाचत नाही. केनियात २०२२ मध्ये इसिओलो भागात यलो फीव्हरची साथ आली होती. इसिओलो मारापासून लांब आहे, धोका कमी आहे हे मलाही माहितीये, पण प्रतिकारशक्ती कमी असलेल्या आईला लस न देता तिकडे न्यायचं याला माझं मन तयार होईना. दुसरा पर्याय म्हणजे मेथोट्रेक्सेट काही आठवडे बंद करून लस घ्यायची. संधिवाताच्या डॉक्टरांना विचारलं, त्यांनी स्पष्ट नाही म्हटलं, गोळी बंद केली आणि सांधे पुन्हा भडकले तर पूर्वपदावर यायला महिने जातील, आणि वयाचा मुद्दा तरी उरतोच. हे कोणीही स्वतःच्या मनाने करू नका, नेटवर वाचून तर अजिबात नको. तिसरा पर्याय आईनेच सांगितलेला, तिला घरी ठेवून जायचं. तो मला नको होता.

चौथा पर्याय नकाशा बघताना सुचला. दक्षिण आफ्रिका यलो फीव्हरच्या देशांमध्ये नाहीच. तिथे जाऊन यायला भारत सर्टिफिकेट मागत नाही, आणि आपण थेट भारतातून किंवा आखाती देशातून गेलो तर दक्षिण आफ्रिका पण मागत नाही. सिंह, हत्ती, गेंडे, जिराफ सगळं तिथे आहे. नद्या ओलांडणारे ते मोठे कळप नाहीत, ते मी आईला आधीच सांगितलं, तिला म्हटलं ते मारातच असतं, इथे नसणार. आई म्हणाली, "हत्ती आहेत ना? मग झालं." ग्रुपमधलं बुकिंग रद्द केलं, थोडे पैसे कापले गेले, जाऊ दे.

नवरा म्हणाला की आपण तिघांनी यलो फीव्हर तरी घेऊन टाकू, जन्मभराचं काम होईल, पुढेमागे केनिया केलाच तर बरं. मी नको म्हटलं. आत्ता जायचं नाही तर गरज नाही, आणि या लशीचा जगभरात तुटवडा पडलेला आहे आधी, २०१६ च्याच साथीत किन्शासात लोकांना पाचवा हिस्सा डोस देऊन मोहीम करावी लागली होती इतका साठा कमी पडला होता. ज्याला कामासाठी जायचंय त्या पोराला तो डोस मिळू दे. जेव्हा जायचं ठरेल तेव्हा घेऊ.

मग राहिल्या शरीरासाठीच्या लशी. इथे माझ्या लक्षात आलं की यातल्या बऱ्याच गोष्टी आफ्रिकेसाठी म्हणून नाहीतच, इथे ठाण्यात राहतानाही त्या आपल्याला लागू आहेत आणि प्रवासाच्या निमित्ताने त्यांच्याकडे लक्ष जातं एवढंच. टायफॉइडच घ्या. टायफॉइड आपल्याकडे घरोघरी झालेला असतो, नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये नऊ महिने ते चौदा वर्षांच्या मुलांना टायफॉइडची नवी कॉन्जुगेट लस मोफत द्यायची मोहीम केली होती, सरकारी पातळीवर ही लस अशी देणारी ती जगातली पहिली म्हणतात, आमच्या खाडीपलीकडची गोष्ट आणि आपल्याला पत्ता नसतो. लेकीने ती लहानपणी घेतलेली, तिच्या फाइलमध्ये स्टिकर आहे. मी आणि नवऱ्याने आता घेतली, एकच डोस, हात दुखला दिवसभर.

हिपॅटायटिस ए, म्हणजे दूषित पाण्यातून होणारी कावीळ, यात डॉक्टरांनी फार चांगला सल्ला दिला. म्हणाले लस घेण्याआधी रक्त तपासा. आपल्या पिढीत आणि आधीच्या पिढीत विहिरीचं, नळाचं, बर्फाच्या गोळ्याचं पाणी पिऊन लहानपणीच ही कावीळ बऱ्याच जणांना कळत नकळत होऊन गेलेली असते, मुलांमध्ये ती इतकी सौम्य असते की ताप आला होता यापलीकडे कोणाला आठवत पण नाही, आणि मग प्रतिकारशक्ती आयुष्यभर राहते. आता फिल्टरचं पाणी पिऊन वाढलेली पोरं मोठेपणी पहिल्यांदा या विषाणूला भेटतात आणि मोठेपणी ती कावीळ चांगलीच लोळवते. आईचं आणि माझं रक्त तपासलं, दोघींना अँटिबॉडी होत्या, लस नको. माझं लहानपण सगळं गावी गेलेलं. नवरा दादरचा, त्याला नव्हत्या, त्याने पहिला डोस घेतला, दुसरा सहा महिन्यांनी. लेकीचे दोन्ही झालेले. एकाच घरात चार माणसं आणि एकालाच गरज, यादीवर टिका मारल्या असत्या तर चौघांनी घेतली असती.

हिपॅटायटिस बी लेकीला जन्मापासूनच्या लसीकरणात मिळालेली. आम्ही दोघांनी सुरू केलीय, ती शून्य, एक आणि सहा महिने अशी तीन डोसची असते म्हणून निघेपर्यंत दोनच होतील, तिसरा परत आल्यावर. धनुर्वाताचं असं की लागलं खरचटलं की आपण इंजेक्शन घेतोच, पण आता नुसत्या टीटीऐवजी टीडी मिळते, त्यात घटसर्पाची पण असते, दहा वर्षांत घेतली नसेल तर एक. चौघांनी घेतली.

रेबीजवर आमच्याकडे बराच काथ्याकूट झाला. तिकडच्या लॉजवर बबून येतात, माकडं येतात, आणि माझी लेक अशी आहे की दिसेल त्या प्राण्याला हात लावायला धावते, सोसायटीतल्या भटक्या कुत्र्यांना ती रोज बिस्किटं घालते. आधीच लस घेतलेली असली की चावल्यावर फक्त दोन डोस लागतात आणि ते इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन, लागत नाही, जे आडगावी वेळेवर मिळेलच असं नसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशीनुसार आधीचे दोन डोस, पहिला आणि सातव्या दिवशीचा, पुरतात. लेकीला दिले. आफ्रिकेपेक्षा आमच्या सोसायटीसाठीच दिले असं मी म्हणेन. आधी लस घेतली असली तरी चावलं किंवा ओरबाडलं की साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं आणि डॉक्टरकडे जायचंच, हे तिच्याकडून मी पाठ करून घेतलंय.

मेनिंजायटिसची, म्हणजे मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या आजाराची लस, आम्ही घेतली नाही. ती आफ्रिकेतला 'मेनिंजायटिस पट्टा' म्हणतात त्या भागासाठी, सेनेगलपासून इथिओपियापर्यंतचा कोरडा प्रदेश, आमचा रस्ता तिथून जातच नाही. पण ही लस बिनकामाची असं मुळीच नाही, आमच्या शेजारच्या काकू उमराहला गेल्या तेव्हा त्यांना चार प्रकारांची मेनिंजायटिसची लस सक्तीची होती, निघायच्या किमान दहा दिवस आधी. आणि माझा भाचा अमेरिकेत मास्टर्सला चाललाय, त्याच्या युनिव्हर्सिटीने पण तीच मागितली, शिवाय गोवर-गालगुंड-रुबेलाचे दोन डोस झाल्याचा पुरावा आणि टीबीची टेस्ट. त्याचं लहानपणीचं कार्ड ताईने जपून ठेवलं होतं म्हणून निम्मं काम झालं. टीबीसाठी युनिव्हर्सिटीने सांगून टाकलं की त्वचेवरची टेस्ट नको, आपल्याकडे जन्मतःच बीसीजी देतात त्यामुळे ती उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते, रक्ताची टेस्ट करा. ज्यांची पोरं शिकायला जाणार आहेत त्यांनी अंगणवाडीपासूनची सगळी कार्डं आत्ताच शोधून एका फाइलला लावा, ऐन वेळी शाळेच्या जुन्या दप्तरात हात घालायला नको. आणि जिवंत लशी, म्हणजे एमएमआर, कांजिण्या, यलो फीव्हर, या एकाच दिवशी नाहीतर मग मध्ये किमान चार आठवडे ठेवून घ्यायच्या असतात, त्यामुळे शेवटच्या महिन्यात सुरुवात केली तर गणितच बसत नाही.

मलेरिया. ग्रुपवर एका काकांनी विचारलं होतं की आता पुण्याच्या सीरमची मलेरियाची लस आलीये ना, मग ती का नाही घ्यायची. आलीये हे खरं, आर२१ नाव तिचं, ऑक्सफर्डबरोबर केलेली, जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये तिची शिफारस केली आणि मला त्याचा मनापासून अभिमान आहे, पण ती आफ्रिकेतल्या लहान बाळांसाठी आहे, जिथे मलेरियाने मुलं दगावतात तिथल्यांसाठी, तुमच्या-माझ्यासारख्या पाहुण्यांसाठी नाही. प्रवाशांना गोळ्याच. केनियासाठी आम्हाला डॉक्सिसायक्लिन सांगितली होती, निघायच्या एक-दोन दिवस आधी सुरू, रोज एक, परत आल्यावर पण चार आठवडे, जेवणानंतर भरपूर पाण्याबरोबर आणि घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही नाहीतर अन्ननलिकेला जखम होते, शिवाय उन्हात त्वचा भाजल्यासारखी होऊ शकते. लोक परत आल्यावर चार आठवड्यांचा कोर्स अर्धवट सोडतात असं डॉक्टर म्हणाले, आणि मलेरिया नेमका तेव्हाच उगवतो.

दक्षिण आफ्रिकेत क्रूगर या राष्ट्रीय उद्यानात मलेरिया आहे, विशेषतः सप्टेंबर ते मे, म्हणजे आपली दिवाळी त्यातच येते. आईच्या औषधांत आणखी एका औषधाची भर नको म्हणून आम्ही क्रूगर सोडून पिलान्सबर्ग घेतलं. जोहान्सबर्गहून गाडीने जाता येतं, जुन्या ज्वालामुखीच्या जागी तयार झालेलं अभयारण्य आहे आणि तिथे मलेरिया नाही. डासांसाठी मलम आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घेणार आहोतच.

आईसाठी उरल्या त्या मेलेल्या विषाणूंच्या किंवा जंतूंच्या तुकड्यांच्या लशी, त्या तिला चालतात. फ्लू आणि न्यूमोनिया, या दोन लशी संधिवाताच्या डॉक्टरांनी स्वतःहून सांगितल्या, म्हणाले प्रवास असो नसो, या तिने घ्यायलाच हव्या होत्या, विमानात आठ-दहा तास बंद हवेत बसायचंय तर आधी उरका. मेथोट्रेक्सेटमुळे लशीचा परिणाम थोडा कमी होतो म्हणून फ्लूच्या लशीनंतर तिच्या दोन रविवारच्या गोळ्या त्यांनी थांबवायला सांगितल्या, तारखा लिहून दिल्या. आईने स्ट्रिपवरच्या 'रवि'खाली त्या तारखा बारीक अक्षरात लिहून ठेवल्यात. टायफॉइड पण तिला दिली.

शेवटचा घोळ तिकिटाचा होता. सगळ्यात स्वस्त तिकीट अदिस अबाबावरून मिळत होतं, चौघांचा फरक बघितला तर चांगलाच. इथिओपिया यलो फीव्हरच्या यादीत आहे. भारतात परतताना, ट्रान्झिटमध्ये विमानतळाच्या आतच थांबलो होतो हे आरोग्य अधिकाऱ्यांना पटलं तर सूट आहे. दक्षिण आफ्रिकेचा नियम असा की अशा देशाच्या विमानतळावर बारा तासांपेक्षा जास्त थांबलात तर सर्टिफिकेट दाखवा. कागदावर आम्ही दोन्हीत बसत होतो. पण विमान लेट झालं, कनेक्शन चुकलं आणि रात्री हॉटेलवर नेलं तर आम्हा चौघांपैकी कोणाकडेच कार्ड नाही, आणि त्यातल्या एकीला ते कधीच मिळणार नाही. आखातातून जाणारं तिकीट काढलं.